दुधनीची नागली आणि इंग्रजी करार

"बियाण्याच्या कंपनीत लागली म्हणे. आता आपल्या शेतात काय उगवायचं, ते हीच ठरवणार!"

शिरपूरच्या स्टँडवर माझी बॅग गाडीत चढत होती, तेव्हा काकू आईला म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. आता सिल्वासात दीड वर्ष काढल्यावर ती नुसती चेष्टा वाटत नाही.

इथल्या टोकरखाडा भागात आम्ही तिघी फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. एक गुजरातीत भांडते, एक हिंदीत, मी दोन्हींत गप्प बसते. ऑफिसात मी पाकिटांवरचा मजकूर तपासते. आत औषध लावून गुलाबी झालेलं कपाशीचं बी, मागे बारीक अक्षरांत सूचना: पुढच्या हंगामात हेच बी पुन्हा पेरू नये. बाबा दरवर्षी असंच पाकीट आणायचे. मागची बाजू आमच्याकडे कुणी कधी वाचली नाही. हे वाचणाऱ्यांपैकी जे गावीच आहेत, त्यांनी तरी वाचली आहे का?

आई मात्र गिलक्याचं, वालाचं बी राखेत घालून ठेवायची. "बी दुकानातून आणलं, की पुढचं वर्ष दुकानदाराचं," म्हणायची. मी इंग्रजीतून जेनेटिक्स शिकत होते. मला तो अडाणीपणा वाटायचा.

गेल्या महिन्यात ऑफिसातले सर मला सिल्वासापलीकडच्या दुधनी गावी घेऊन गेले. कंपनीला नव्या वाणासाठी जुन्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, नमुने हवे होते. करार इंग्रजीत होता. "तुझी बोली गावाकडची, तुझं ऐकतील ते," सर म्हणाले. "एवढंच सांग, बी जपून ठेवायला नेतोय." पहिल्या दोन घरांत मी तेच सांगितलं. कागद वाचला नव्हता. दोन अंगठे उमटले. मग जीपमध्ये बसून वाचला, त्यातली एक ओळ दोनदा वाचली.

तिसऱ्या घरच्या जानीमावशीने ओसरीवर सुपात नागली ओतली. "माझ्या आयची हाये ही. आमच्यात लेक सासरी पहिली पेरणी माहेरच्या बियाण्यानं करते. धाकटीचं लगीन आलंय. थोडी तिला ठेवते, चालंल ना?"

"चालेल, चालेल," म्हणत सरांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं.

घर कुठलं विचारलं, की मी अजून शिरपूर सांगते. पण जिथे माझ्या एका शब्दावर कुणी अंगठा पुढे करतं, ती ओसरी परकी कशी म्हणू? नोकरीचा विचार आला. तरी बोलले.

"मावशी, अंगठा लावू नका. लावलात, तर ही नागली लेकीलासुद्धा देता येणार नाही, असं यात लिहिलंय. आणि मघाशी त्या दोन घरांत मी सांगितलं, ते खोटं होतं."