गती वाढवण्यासाठी गाडी बंद

हिंगोली स्टेशनसमोर रहीमचाचांचं हॉटेल आहे. त्याच्या लाकडी बाकावर बसून मी तीस वर्षं बातमीदारी केली. एवढ्या वर्षांतल्या बातम्या रद्दीत गेल्या, किस्से मात्र साचत राहिले. कारण सरळ आहे. गाडीला उशीर होतो आणि तोवर माणसं बोलत बसतात. हिंगोलीची पॅसेंजर रोज वेळेवर आली असती, तर माझ्याकडे सांगायला काही उरलंच नसतं!

बाकावर कायमचे आम्ही तिघं. मी, जोगदंड सर आणि शेषराव राठोड. सर फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक, आमच्या पेपरात विज्ञानाचं सदर लिहितात. शेषराव कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा, त्या भागाचा आमचा वार्ताहर. गेल्या हिवाळ्यात तो रोज सकाळच्या पॅसेंजरने बायकोला, म्हणजे आमच्या कमलवहिनींना, नांदेडला न्यायचा. वहिनींना गर्भपिशवीचा कॅन्सर. रेडिएशनचे पंचवीस शेक सांगितले होते, आठवड्यातून पाच. डॉक्टरांनी बजावलं होतं, मध्ये खाडा पडू द्यायचा नाही. शेकामुळे वहिनींना सारखं लघवीला जावं लागे. गाडीत संडास असतो, एसटीत नसतो. म्हणून पॅसेंजर.

*

रेल्वेच्या ॲपवर चाचांचा विश्वास नाही. ॲप म्हणतं ‘वेळेवर’, आणि रुळावर कुत्री झोपलेली असतात. चाचांचा भरवसा शेषरावच्या फोनवर. नाक्याहून गाडी हलली की तो मला कळवायचा, मी मान हलवायचो आणि चाचा चहा टाकायचे.

एकदा फोन आलाच नाही. अर्ध्या तासाने निम्मा प्लॅटफॉर्म माझ्याभोवती. गाडी जणू मीच कुठेतरी ठेवून विसरलो होतो! माझ्या मनात मात्र भलतंच येत होतं. मी वहिनींचा विचार करत होतो.

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि गाडी समोर. वहिनींना चक्कर आली होती, त्यात शेषराव फोन करायला विसरला. लोक चहा न घेताच पळाले. चाचा विझलेल्या स्टोव्हकडे बघत म्हणाले, "गाडी टाइम पे आ गई. सब का नुकसान हो गया."

*

आमच्या ऑफिसात एक बातमी कायम तयार असते. अर्थसंकल्पात हिंगोलीच्या रेल्वेला काही मिळालं नाही, ही ती बातमी. दरवर्षी वरची तारीख तेवढी बदलायची.

एका वर्षी घाईत मी ती एक दिवस आधीच पाठवली. छापून आली! नोकरी गेली असं समजून मी दिवसभर फोन बंद ठेवला. कळमनुरीच्या बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्याने अडवलं, तेव्हा मी निसटायला वाट शोधू लागलो. तो म्हणाला, "आज बराबर लिव्हलं."

दुसऱ्या दिवशी खरा अर्थसंकल्प आला. बातमीतला एक शब्दही बदलावा लागला नाही.

*

बुलेट ट्रेन हा आमच्या बाकावरचा रोजचा तंटा. जोगदंड सर कट्टर समर्थक. त्यांचं म्हणणं, देशाने एकदा पुढची तंत्रविद्या हातात घेतली की ती झिरपत मागच्या रुळांपर्यंत येते. मी म्हणायचो, सर, तीस वर्षं मी इथे झिरपण्याचीच वाट बघतोय! आवाज इतके चढायचे की चाचा रेडिओ बंद करायचे.

शेषराव या तंट्यात कधी पडत नसे. एक दिवस सरांनीच त्याला छेडलं, "राठोड, तुमची बंजारा जमात तर वाहतुकीचीच. तुमचं काय मत?"

शेषराव म्हणाला, "आमच्या आजाची लदेणी व्हती सर. बैलांवर मीठ नेऊन राहिले ना ते लोक, तर लंगडणारा बैल सगळ्यात पुढं चालवायचे."

"पुढे? काहून?"

"मागं ठिवला तर तो मागंच राहून जातो. कुणाला पत्ताबी लागत न्हाई."

सरांनी चहा संपवला आणि पहिल्यांदाच दुसरा मागवला.

*

तरीही मी फार हुशारी मारू नये, असं एकदा झालं. कॉलेजने सरांना आणि मला वादविवादाला बोलावलं. देशाने वेगवान रेल्वेवर खर्च करावा का? मी विरोधात. रोज पॅसेंजरच्या खिडकीशी पदर घट्ट धरून बसणाऱ्या एका बाईचं उदाहरण दिलं, नाव न घेता. पोरं रडायची बाकी राहिली. टाळ्या घेऊन मी उतरलो.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली तेव्हा वहिनींनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"भाऊजी, माझ्यापायी बुलेट नको म्हणलात म्हणं?"

मी छाती काढून हो म्हणालो.

"मला पुसलं का? पाव घंट्यात नांदेडला गेले, तर मधी उठायचं कामच न्हाई. मला तर पाहिजे."

गाडी हलली. मी बाकावर येऊन बसलो. सरांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, काही नाही, बरं वाटतंय म्हणाल्या.

*

वहिनींचे नऊ शेक राहिले होते तेव्हा रेल्वेचं पत्रक आलं. मार्गाची गती वाढवण्याच्या कामासाठी सकाळची पॅसेंजर दहा दिवस रद्द. गती वाढवण्यासाठी गाडी बंद! मी टेबलावर हात आपटला.

रेल्वेच्या बातम्या शेषरावकडे असत. त्याने पत्रक वाचलं आणि मोबाइलवर बातमी टाईप करायला घेतली. कुठे काही जोडलं नाही, गाळलं नाही. शेवटच्या ओळीपाशी त्याचा अंगठा थांबला. मग त्याने तीही लिहिली. ‘प्रवाशांनी सहकार्य करावे.’

"बघा भाऊ," फोन माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "शुद्धलेखन बराबर हाय का?"

*

रोज भाड्याची गाडी करून नेणं शेषरावला झेपणारं नव्हतं. पाच दिवस त्याने वहिनींना एसटीने नेलं. सहाव्या खेपेला कळमनुरीच्या अलीकडे त्यांनी बस थांबवली, उतरल्या आणि रस्त्याकडेला बसूनच राहिल्या. तिथून दोघं घरी परतले. खाडा पडला. डॉक्टर फोनवर म्हणाले, एक पडला तो पडला, दुसरा नको.

त्याच संध्याकाळी निमंत्रण आलं. काम झालेल्या मार्गावर अधिकाऱ्यांची खास गाडी उद्या नव्या वेगाने हिंगोलीहून नांदेडला जाणार. प्रत्येक पेपरला दोन पास, एक प्रतिनिधी, एक छायाचित्रकार. पासावर नाव नव्हतं.

आमचा फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरवर गेला होता. एक जुना कॅमेरा तेवढा ऑफिसात होता.

सकाळी शेषराव वहिनींना घेऊन स्टेशनवर आला. पास दोनच, म्हणून तो मागून एसटीने येणार होता. कॅमेऱ्याच्या बॅगेत त्याने दवाखान्याची फाईल आणि पाण्याची बाटली घातली. वहिनींच्या गळ्यात कॅमेरा मी अडकवला. शेषराव माझ्या कानाशी आला, "भाऊ, जायचंय असं ती सांगणार न्हाई. दर वीस मिनिटांनी तुमीच उठवा."

डबा थंडगार, पडदे लावलेले. वाटेत मी तीनदा उठवलं. एक तरुण अधिकारी आमच्याकडे बघतच होता. अखेर जवळ येऊन त्याने विचारलं, "मॅडमनी अजून एकही फोटो काढला नाही?"

आयुष्यभर अधिकाऱ्यांशी भांडलेला मी, म्हणालो, "लाईट चांगला नाही साहेब."

तो गेला. वहिनी कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर बघत होत्या. शेतं सपासप मागे जात होती. चौथ्यांदा उठवायची वेळ आलीच नाही, त्याआधी नांदेडची घरं दिसायला लागली.

गाडी मंदावली. सगळ्यात मोठे साहेब पत्रकारांशी हात मिळवत आमच्यापाशी आले. त्यांनी वहिनींच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून कौतुकाने विचारलं, "काय मॅडम, कसा वाटला स्पीड?"

वहिनी उभ्या राहिल्या, बॅग खांद्याला लावली आणि म्हणाल्या,

"उद्या किती वाजता सुटते, साहेब?"