उभ्यानं कालवलेली माती

माती बसून कालवायची असती. मला आईनं तसंच शिकवलं. दोन्ही पाय पसरून बसायचं, मधी ढीग घ्यायचा आन हातानं खालची वर, वरची खाली करायची. माझं माहेर आणे गावचं, वर पठारावर. तिथं दगडच लई. वांग्याचं रोप फुटक्या घागरीत लावायचं म्हनलं तरी आधी माती तयार करावी लागायची. शाळा माझी दुसरीपतूर झाली, पन माती मला कळती.

आता मी उभ्यानं कालवते. जुन्या खाटंवर पत्रा टाकलाय, त्याच्यावर. कमरंत कळ येती. पन खाली बसत न्हाई.

राजुरीच्या शिवारात आमची वस्ती हाय. घराला तिन्ही अंगांनी ऊस. मालक जाऊन लई वर्सं झाली. लेक पुन्याकडं कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, सून आन चार वर्साची नात.

पलीकडच्या वस्तीवर माझ्याच वयाची एक बाई कोथिंबीर खुडायला बसली व्हती. भर दुपारी. वाघानं मागून धरली. आमी बिबट्याला वाघच म्हंतो. मानसं धावली, बाई वाचली, पन तिची मान आजबी नीट वळत न्हाई. जंगलखात्याची मानसं सांगून गेली, वाकलेलं, बसलेलं मानूस त्याला शेळीवानी दिसतं, रानात खाली बसू नका. आता खुरपनी काय उभ्यानं व्हती?

सून त्याच दिवशी म्हनली, "आत्या, उद्यापासून भाजीला बांधावर जायचं न्हाई."

"मंग खायचं काय?"

"बाजारातनं आनू."

"ती औषद मारलेली?"

"औषदानं लगेच मरत न्हाई मानूस."

तिचं खरं व्हतं. मंग मी भाजीच दारात आनली. फुटक्या बादल्या, रंगाचं डबं, तेलाचं डबं, शिमिटाच्या गोन्या. बुडाला भोकं पाडली आन समदं वट्ट्यावर कमरंएवढ्या उंचीला मांडलं. खुडताना कुनाला वाकायला नको.

राहिली माती. येडगाव धरनाचा गाळ शेजाऱ्यानं उन्हाळ्यात आनून टाकला व्हता, त्यातल्या काही पाट्या घेतल्या. पन नुसता गाळ डब्यात भरला तर पानी दिल्यावर दगडावानी आवळतो. त्याच्यात हलकं काय तरी पायजे. उसाचं पाचट बारीक करून कुजवलं, निंबोळ्या कुटल्या, चुलीची राख चाळली. शेनखत तेवढं न्हवतं. म्हैस गेली तवापासून शेन न्हाई. दुकानात तयार मातीच्या पिशव्या मिळत्यात, पन त्या घ्यायच्या तर भाजीच इकत घ्यावी.

वाटंवर एक पोल्ट्री हाय. तिथला भाऊ म्हनला, "मावशी, कोंबडखत न्या की. माझी जागा तरी मोकळी व्हईल."

"फुकट?"

"फुकट. वर चा पाजतो."

त्यानं टेम्पोतनं आनून न्हानीच्या मागं टाकलं, उसाच्या कडंला. कोंबडखत गरम असतं. ताजं घातलं तर मुळ्या जळत्यात, पाचटाखाली झाकून दोन महिनं कुजवावं लागतं. मी पाचट पसरायला लागले तवा खतात मेलेली कोंबडी दिसली. एक, मंग दुसरी, मंग पिसांचा पुंजका. काही जन शेडात मेलेली तशीच खतात लोटत्यात. ती येचून लांब पुरायला पायजे व्हती. पन येचायचं म्हंजे खाली बसायचं, उसाकडं पाठ करून. मी भ्याले. म्हनलं, कुजतील आन खतच व्हईल. वरनं पाचट लोटलं आन घरात आले.

चौथ्या दिवशी कुत्री यायला लागली. पाच-सहा. उकरायची, भांडायची. मी दगड मारले की पळायची आन परत यायची. त्यात एक लंगडी पिवळी कुत्री व्हती, नात तिला भाकरीचा तुकडा टाकायची. एका सकाळी ती दिसंना. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकबी कुत्रं आलं न्हाई.

सून म्हनली, "बरं झालं, गेली एकदाची."

मी मनात म्हनलं, कुत्री खायचं सोडून उगं जात न्हाईत.

न्हानीच्या भिंतीला लागून मी चाळलेला गाळ पसरला व्हता, मऊ व्हावा म्हनून पानी मारून. तो बघाय गेले. त्याच्यावर पंजा. माती इतकी बारीक, की चारी बोटं आन मागची गादी छापल्यावानी उठली व्हती. नखं न्हाईत. कुत्र्याची नखं उमटत्यात. मी त्याच्यावर माझा तळवा धरला. पुरता झाकला न्हाई.

मंग खोरं घेतलं आन तो पुसून टाकला.

सुनंला कळलं असतं तर ती पोरीला घेऊन लेकाकडं गेली असती. तिथं त्याची एक खोली हाय. माझ्यामुळंच ती इथं अडकली व्हती. ती गेल्यावर त्या उसात, त्या घरात मी एकली. मला वाघापरीस त्याची भीती जास्त वाटली. हे सांगायला बरं वाटत न्हाई, पन तसंच व्हतं.

दोन दिवस गप राहिले. पोरगी दाराबाहेर निघाली की मी मागं.

"आत्या, अशा काय तिच्या शेपटावानी फिरताय?" सून म्हनायची.

"पडंल," म्हनायचे.

तिसऱ्या दिवशी, दिवस मावळायला आला व्हता. सून भाकऱ्या थापत व्हती. मी वट्ट्यापाशी डब्यात माती भरत व्हते. मूठभर घेऊन दाबायची, मुटका झाला पायजे आन बोट लावलं की फुटला पायजे. तशी झाली व्हती. पोरीला दाखवाय वळले, तर पोरगी न्हाई.

न्हानीच्या मागं गेले. ती उसाकडं पाठ करून बसली व्हती, दोन पाय पसरून, चापत्तीच्या डब्यात गाळ भरत. अशीच माझी आई बसायची. वारं न्हवतं. पन उसात एका जागचं पाचट करकरलं. थांबलं. मंग थोडं अलीकडं करकरलं.

पळायचं न्हाई, हे ठावं व्हतं. मी चालतच गेले. पोरीला उचललं आन खांद्यावर घेतलं, जमंल तेवढं उंच.

"आजी, माझा डबा सांडला."

"राहू दे. वाजव तो. जोरात वाजव."

तिला वाटलं खेळ हाय. ती डबा बडवत व्हती आन हसत व्हती, आन मी उसाकडं तोंड करून एकेक पाय मागं टाकत व्हते. त्याला मी बघितला न्हाई. उसाचं शेंडं हलत हलत आत गेलं, तेवढं बघितलं.

सून दारात आली, हाताला पीठ. "काय तमाशा चाललाय दोघींचा?"

पोरीला तिच्या हातात दिली. उंबऱ्यावर बसले आन समदं सांगितलं. मेलेल्या कोंबड्या, कुत्री, पंजा. पुसला ते बी.

आत तव्यावरली भाकरी करपली.

"पुसला?"

"व्हय."

"हिला नेली असती तर काय पुसलं असतं, आत्या?"



सकाळी पोल्ट्रीवाल्याला बोलावलं. तो म्हनला, "मावशी, मी खत दिलं, तुमी वाघाला जेवान घातलं व्हय?" कुनी हसलं न्हाई. त्यानं दोन गडी आनून ढीग उचलला आन लांब खड्डा घेऊन पुरला. रविवारी लेक आला. मला बी चल म्हनला. एका खोलीत चौघं कुठं झोपनार? आन डब्यातली मेथी नुकतीच वर आली व्हती.

जाताना सून म्हनली, "ऊस तुटला की येऊ. रोज सकाळी फोन करीन. खरं सांगायचं."

"सांगते."

आता मी रोज दिवस असतानाच चाळलेला गाळ घराच्या भवती पसरते आन पानी शिंपडते. भाजीसाठी केलेली माती, राखनीला लावली. उजाडलं की काठी आपटत बघून येते. मंग फोन येतो. पोरगीच इचारती, "आजी, आला व्हता?" इतकं दिवस न्हाई म्हनत व्हते, आन ते खरं व्हतं. मेथी चांगली आली. पाचट आन निंबोळीवर बी येती, कोंबडखताचं काय अडलं न्हाई.

ह्या शनिवारी त्या दोघी दोन दिवसांसाठी येनार व्हत्या. पोरीला मेथी तिच्या हातानं खुडायची व्हती. मी तिचा डबा घासून ठेवला, वट्ट्यापाशी तिला उभं राहायला पाट मांडला. शुक्रवारी उजाडल्यावर बघाय गेले, तर वट्ट्याच्या पायरीपाशी पंजा. ताजा. खोरं भिंतीला टेकलेलंच व्हतं.

फोन वाजला.

"आजी, उद्या येऊ ना?"

"न्हाई बाय. आलाय तो. येऊ नका."

ती रडायला लागली. मागनं सून म्हनली, "आत्या, दार लावून घ्या."

पंजा पुसला न्हाई. जंगलखात्याचं मानूस येईस्तवर त्याच्यावर घमेलं पालथं घातलं. मंग उसाकडं तोंड करून, उभ्यानंच, मेथीला पानी घातलं.