संमतीपत्रावरचा अंगठा

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की उठून चहाला जाणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातला राग अजून जात नाही...

मी धाराशिवजवळच्या बेंबळीचा, दत्ता तिकडच्याच ईट गावचा. दोघं नोकरीला कॅनडात गेलो, तिथंच एकमेकांशी रीतसर लग्न केलं — साक्षीदार, सरकारी शिक्का, सगळं. पण विमान मुंबईत टेकलं की आम्ही दोघं नुसते ‘मित्र’!

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो होतो. ऐन दुपारी दत्ताच्या पोटात कळ आली, धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात नेईपर्यंत त्याची शुद्ध हरपली. अपेंडिक्स फुटलेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन. मी संमतीपत्रावर सही केली आणि नात्याच्या रकान्यात ‘नवरा’ लिहिलं.

काउंटरवरच्या माणसानं कागद परत सरकवला. “असं न्हाय चालत. रक्ताचं माणूस आणा.”

मी मोबाइलवर मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं.

“ते तिकडलं हाय. इथं त्याचा काय उपेग?”

रक्ताचं माणूस म्हणजे दत्ताचा थोरला भाऊ. लग्नाचं कळल्यापासून त्यानं बोलणं टाकलेलं. फोन लावला तर म्हणाला, “आमचा त्याचा संबंध न्हाय.” म्हणजे ज्याला संबंधच नको त्याची सही चालणार, आणि ज्यानं उचलून आणलं त्याची नाही? मी ओरडलो, हात जोडले, परत ओरडलो. आत दत्ता मरायला टेकला होता.

वीसेक मिनिटांनी सिस्टर आल्या. “घेतलंय त्यांना ऑपरेशनला. त्यांच्या आईनं अंगठा दिला की.”

“कुणी?”

“आई हो त्यांची. हिरवं इरकल, कपाळावर गोंदण. आमचे जावईबापू भाईर बसल्यात, त्यांस्नी पाणी द्या म्हणाल्या.”

दत्ताची आई जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. मला जावईबापू म्हणणारी जगात ती एकटीच. अधिक महिन्यात तिनं भावकीच्या नाकावर टिच्चून मला धोंडे खाऊ घातले होते, टॉवेल-टोपी दिली होती. “जावयाचा मान हाय, लोकं काय बी म्हणू द्या.”

फॉर्म मी स्वतः बघितला. निळ्या शाईचा ठसा, त्यात मधोमध आडवी रेघ. आईचा अंगठा विळ्यानं अगदी तिथंच कापला होता. सगळा दवाखाना पालथा घातला, पण ती बाई पुन्हा कुणाला दिसली नाही.

दत्ता वाचला. हे कसं घडलं ते मला सांगता येत नाही, कुणाला येत असेल तर सांगा. पण डिस्चार्जच्या दिवशी मी काउंटरवरच्या त्याच माणसापुढं तो कागद धरला. “अहो, ह्या बाई वारल्यात. मागच्या वर्षीच.”

त्यानं अंगठा बघितला, माझ्याकडं बघितलं.

“असू द्या. आई हाय न्हवं? चालतंय.”

मेलेल्या बाईचा अंगठा चालला. मी जिवंत त्याच्यासमोर उभा होतो, माझी सही चालली नाही.