आठ अक्षरांचं इंजिन

आमच्या इसनाथला उन्हानं नेलं.

आज वर्ष झालं.

अचलपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. गुरुजी बाकावर पट्टी आपटत छंद शिकवायचे. मी कवितेत रमलो, तो मशीनमध्ये. पुढे तो अकोल्याला, मी अमरावतीला. मला तो जन्मभर ‘कवी’च म्हणाला.

त्याच्याकडे जवळपास आमच्याच वयाची ॲम्बॅसेडर होती. नातीला लग्नाच्या हॉलवर त्याच गाडीतून न्यायचं, हा त्याचा हट्ट.

पण इंजिन मिसिंग मारत होतं, मधेच ठोका गाळत होतं. त्याचे कान मंदावलेले, बारीक ठोके पकडत नसत. माझे शाबूत.

म्हणून तो इंजिनजवळ फोन धरायचा. चार सिलिंडर, चार ठोके. दोन फेऱ्या झाल्या की अष्टाक्षरी! एखादा प्लग पेटला नाही की ओळीतलं अक्षर गळायचं, आणि ते मला अमरावतीत बसून कळायचं.

त्या दिवशी भर दुपारी फोन आला.

“आईक बे कवी. अक्षर पडून राहिलं का?”

“तिसरं पडून राहिलं. पन तू काहून उन्हात बसला? संध्याकाळी कर.”

“संध्याकाळी पाव्हने येऊन राहिले. अन् सावलीत गाडी ढकलाले कोन येते, तू?”

“डोक्याले दुपट्टा तरी बांध.”

“पंख्यात गेला म्हंजे? इंजिनपाशी दुपट्टा नाई बांधत मी.”

हसला. फोन ठेवला.

बाहेर रस्ता पांढरा पडला होता. एक पाखरू नाही.

पुन्हा फोन. या वेळी ओळ पूर्ण. आठही अक्षरं, जागच्या जागी. काय चाल होती ती!

“इसनाथ, जमलं बे!”

“जम... कवी... घंटा... झा...”

“काय म्हनतं?”

“शाळा... सुट... नाई...”

इंजिन सुरेख चाललं होतं. अक्षरं आता त्याची पडत होती.

मी फोन तोडून त्याच्या सुनेला, सुजाताला लावला. “बाई, अंगनात पळ! त्याले सावलीत घे, पानी टाक अंगावर!”

ती फोन हातात घेऊनच धावली. बादलीचा आवाज. तिची किंकाळी. शेजारी गोळा झाले, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली.

आणि या सगळ्याच्या वर, ते इंजिन.

“काका, हे गाडी बंद कशी कराची? बाबा काईतरी सांगून राहिले, आयकूच नाई येत! चाबी नाई हिले, नुसत्या वायरा हायेत!”

मला माहीत नव्हतं.

इतकी वर्षं मी ते इंजिन फक्त ऐकलं होतं.

“काका, सांगा ना!”

तिनं त्याच्या तोंडाला कान लावला. तरी नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. शेवटी काय म्हणाला, ते कोणालाच ठाऊक नाही.

मित्रा, मनापासून निरोप तुला.