निळा ठिपका

केळुसकरसाहेबांची आणि माझी पहिली भेट तुर्भ्याच्या एका खासगी मोजणी-कार्यालयात झाली. मी ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी गेलो होतो. प्रमाणपत्र एकही नव्हतं. नकाशाकाम मी स्वतःच शिकलो आणि त्याचा अभिमान आजही आहे. साहेबांनी कागद मागितलेच नाहीत. पेन पुढे करून म्हणाले, "हाताने एक सरळ रेघ काढा." काढली. "उद्यापासून या."

त्यांच्या कपाटात गाढी नदीच्या खोऱ्याचा, पन्नासच्या दशकातला नकाशा होता. भातखाचरं, पायवाटा, देऊळ, सगळं जिथल्या तिथे. करंजाड्याजवळ एका सोसायटीची इमारत उभी राहणार होती, त्यासाठी मी त्यावरून ट्रेसिंग काढलं. एक निळा ठिपका छपाईचा डाग समजून वगळला. साहेबांनी भिंग लावलं. "ही विहीर आहे." मी वाद घातला. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच कोपऱ्यात मजूर पाया खणायला उतरणार होते. साहेब मला घेऊन थेट जागेवर गेले.

भर दुपार. सपाट गवत, विहिरीची खूण कुठेच नाही. मी मनातून सुखावलोच होतो. तेवढ्यात गावातल्या एक आजी डोक्यावर भारा घेऊन आल्या आणि मोकळ्या गवतात अर्धा वळसा घालून पुढे निघाल्या. साहेबांनी नमस्कार करून कारण विचारलं.

"सासू चालायची तशी चालतंय. काय हाय तथं, मना नाय ठाव," आजी म्हणाल्या. "तुमी पन तथं उभं नका राहू."

साहेबांनी जागेवरच्या मुकादमांकडून पहार मागवली. हातभर माती, मग कुजकी फळी, आणि पहार माझ्या हातातून निसटून गेली. पाण्याचा आवाज वर यायला इतका वेळ लागला की मुकादमांनी टोपी काढली.

कार्यालयात विचारणा झाली तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "तपासणी माझी, म्हणून चूक माझी." नंतर मला एकट्याला म्हणाले, "रेघ तुम्हाला येते. आता ठिपक्याचाही मान ठेवा."

इमारत बाजूला सरकली. विहिरीवर स्लॅब पडला, वर हिरवळ आली, पाटी नाही. साताऱ्याकडची, मुंबईची माणसं तिथे राहायला आली. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. मी खात्री करून घेतली आहे. तरी दूध आणायला निघालेला माणूस हिरवळीत अर्धा वळसा घालतो. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.

साहेब आज पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांची नजर आणि प्रकृती अशीच खणखणीत राहो. आणि आम्ही जिथे बिनघोर पाऊल टाकतो, ती जमीन त्यांनी आधी भिंगातून पाहिलेली असो.