किंमत न सांगितलेला कीबोर्ड

आमच्या घरात कोणतीही वस्तू पिशवीतून बाहेर पडायच्या आधी तिची किंमत बाहेर पडायची. मी दारात चपला काढत असतानाच बायको विचारायची, "कितीला दिलं?" ते कळेपर्यंत ती पिशवीत डोकावायचीसुद्धा नाही.

नांदेडकडून मी इथे आलो तेव्हा काचीगुडा स्टेशनवर पार्सलांचे बोजे उचलायचो. आज मलकपेठेत माझं जुन्या ऑफिस-फर्निचरचं दुकान आहे. बंद पडलेल्या कंपन्यांची टेबलं-खुर्च्या घ्यायच्या, पुसून-रंगवून विकायच्या. हे सगळं मी जिभेच्या जोरावर उभं केलं. शिकवणारं कुणी नव्हतं, साथ देणारी एक होती.

आमची रीत ठरलेली. मनात भरलेल्या वस्तूला तोंडभर नावं ठेवायची. नावं मी ठेवायचो, आणि वस्तू तिला खरोखर हवी असली की ती म्हणायची, "चला हो, गॅसवर दूध ठेवलंय." मग दोघांनी पायरी उतरायची. मागे वळायचं नाही, पण पावलं सावकाश टाकायची. दुकानदाराची हाक यायचीच. घरातला गॅस तर निघतानाच बंद केलेला असायचा.

ती गेली, त्याला आता वर्ष उलटून गेलं. त्यानंतर मी घरासाठी म्हणून काही विकत घेतलं नव्हतं. मग एके दिवशी मुलगी म्हणाली, "पप्पा, मला कीबोर्ड घ्यायचाय. तुम्ही याल का?"

मुलगी कॉम्प्युटरवर नेमबाजीचे खेळ खेळते. पाच जणांचा संघ, समोर दुसरे पाच. तिला एका चांगल्या संघाने चाचणीला बोलावलं होतं. तिच्याकडे होता तो कीबोर्ड माझ्याच दुकानातला, एका ऑफिसच्या मालात फुकट आलेला. त्यावर तीन बटणं एकदम दाबली की चौथं ऐकतच नाही, म्हणे. पळता पळता वळायला जावं तर जागीच उभी राहते आणि मरते. चाचणीत तसं झालं की संपलं.

तिने मला बोलावलं, याचाच मला इतका आनंद झाला होता की मी इस्त्रीचा शर्ट घातला.

नारायणगुड्यातलं ते दुकान लहान होतं. दुकानदार तिशीतला, तोंडात सुपारी. त्याने एक पट्टी पुढे सरकवली. तिच्यावर वेगवेगळी बटणं बसवलेली. प्रत्येक बटणाखाली स्विच म्हणून एक तुकडा असतो, तो चिमट्याने उपसून दुसरा बसवता येतो. कुठला जड, कुठला हलका, कुठला टक्क वाजतो, कुठला मुका. मुलीने डोळे मिटले आणि एकेक दाबून पाहिला. मग म्हणाली, करंगळीखाली हा हलका हवा, बाकी बोटांखाली तो जरा जड, म्हणजे चुकून दाबला जाणार नाही. कीबोर्डही आखूड पाहिजे, माऊसचा हात मोकळा राहतो. बायको बांगड्या घेताना अशीच डोळे मिटून आवाज ऐकायची.

पोरीला वस्तू आवडली हे दुकानदाराने पाहिलं. आता भाव उतरणार नाही, हे मी पाहिलं. म्हणून मी सुरुवात केली.

"ये तो खिलौना है मियाँ. प्लास्टिक का डब्बा."

"क्या अंकल, इत्ते अच्छे माल को बुरा बोलरे!"

"माल कैसा भी हो. ये दो महिने खेलेगी, फिर छोड देगी. इसके खेल में दम किधर है? कल शादी हो जाएगी, ये धूल खाएगा."

मुलीने पट्टीवरून हात उचलला. तोंड उतरलेलं. मला वाटलं, वा, आईचीच लेक! मी उठलो, पायरी उतरलो, सावकाश चालू लागलो.

हाक आली. "अंकल, आओ, कम करता हूँ!"

मी जिंकल्यासारखा वळलो. मुलगी शेजारी नव्हती. माझे कान हाकेकडे असताना ती पुढे निघून गेली होती, बसमध्ये चढत होती.

मी एकटा दुकानात परतलो. भाव त्याने खरंच पाडला होता. मग त्याने विचारलं, "स्विच कौनसे डालूँ?" मी पट्टीवरची सगळी बटणं दाबून पाहिली. माझ्या बोटांना सगळी सारखीच लागली. रिकाम्या हाताने घरी आलो.

"ते तुम्ही दुकानदाराला सांगत होतात की मला?" तिने विचारलं.

"अगं, ती बोलायची रीत असते! तुझी आई असती तर तिला लगेच कळलं असतं."

"आई नव्हती तिथे. मी होते."

माझं डोकं फिरलं. "मग जा, घे सांगतील त्या भावाला! फसव स्वतःला!"

तिने तेच केलं. ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्या पैशातून कीबोर्ड घेतला, कुठून ते सांगितलं नाही. चाचणीत निवड झाली. आता ती बंगळुरूला संघाच्या घरात राहते. नातेवाईक मला शहाणपण शिकवतात की पोरीला असं चारचौघांत बोलू नये. भाव पाडला होता, हे एकाच्याही तोंडून निघत नाही. मी वाईट बोललो ते तिच्याचसाठी ना?

रविवारी ती फोन करते. बोलता बोलता तिचा सराव चालू असतो आणि मागे तो कीबोर्ड वाजत राहतो. परवा मी विचारलंच.

"कितीला पडला गं तो?"

"चांगला चाललाय, पप्पा."

"तसं नाही. कितीला?"

"तुम्ही जेवलात का?"

जेवण काय, दुकान काय, गुडघा काय, सगळं विचारते. तेवढं एक सांगत नाही.

मी म्हणालो, "बरं, ठेवतो. गॅसवर दूध ठेवलंय."

आणि ठेवला नाही. फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.

"हो, बघा, उतू जाईल," ती म्हणाली. थोडा वेळ बटणं वाजत राहिली, मग तिने फोन बंद केला.