‘आपण’ म्हणजे किती ताटं?

आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक मी फळ्यावर पंगत काढून सांगायचे. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटलं, की समोरचा उपाशी. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं, की त्याचंही पान मांडलं. पोरं हसायची, पण परीक्षेत चुकायची नाहीत. चुकले ती मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हणीतसुद्धा ‘आपण’ आहेच.

एप्रिलातल्या एका रविवारी मुलगा भोईवाड्याला माझ्या खोलीवर आला. तो, सून आणि दोन नाती डिलाईल रोडजवळच्या टॉवरमध्ये राहतात. चहा पिता पिता म्हणाला, “आई, मेमध्ये आपण कॅरॅव्हान घेऊन मालवणला जातोय. आत किचन, बेड, सगळं एकदम सेट. आपल्याला ताटं लागतील. लाइटवेट पाहिजेत आणि दिसायला पण जरा भारी. तू बघ ना, तुला बरोबर कळतं.”

मी ‘आपण’ ऐकलं आणि त्यापुढचं सगळं माझं मीच रचलं.

माझं सासर मालवणजवळ. सगळा संसार मुंबईत झाला, पण गणपती आणि मे महिना कधी चुकला नाही. घरामागे पाच मिनिटांवर समुद्र. तो मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग आम्हा बायकांची, मग भांडी. लोक म्हणत, काय मजा बुवा तुमची, घर समुद्राला लागून! डोंबलाची मजा. कुणीतरी वाढलेलं ताट मांडीवर घेऊन, पाण्याकडे तोंड करून बसावं, एवढी एक हौस होती माझी. कुणाला बोलले नाही, कारण कुणी विचारलं नाही.

म्हणून ती ताटं मी जीव लावून घेतली. दादरला दोन खेपा घातल्या. स्टील नको, घाटभर खडखडाट करील. काच नकोच. कागदाच्या पत्रावळीतून कालवण गळतं, शिवाय ती काय फोटोत भारी दिसणार? शेवटी मेलामाइन ठरलं. एकेक ताट तळहातावर तोललं, पालथं घालून बोटाने वाजवलं. काठ उभा हवा, म्हणजे हलत्या गाडीत आमटी सांडणार नाही. पांढरं घेतलं तर हळद तिसऱ्या दिवशी अवकळा आणणार, म्हणून आतून गडद निळं आणि काठाला बारीक पांढरी वेल असलेलं निवडलं.

दुकानदार म्हणाला, “मावशी, पाच कोण घेतं? सहाचा सेट न्या ना.”

“आम्ही पाचच आहोत,” मी म्हटलं. दुकानदार थोडाच मालवणला येणार होता, म्हणून ‘आम्ही’. व्याकरण अगदी चोख.

घरी येऊन पाचही ताटांच्या बुडाला नेलपॉलिशचे ठिपके दिले. चाळीत आमची भांडी हळदीकुंकवाला घरोघरी फिरत, ती अशाच खुणेने परत येत. इथे पाच जणांचे पाच रंग. माझा मरून.

निघायच्या आदल्या दिवशी मुलगा मोठ्या नातीला घेऊन ताटं न्यायला आला. तिने ताटं उलटीसुलटी करून ठिपके मोजले. “आजी, पाचवं कोणाचं?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात तो म्हणाला, “असू दे गं, एखादं फुटलं तर एक्स्ट्रा.”

“ही फुटत नाहीत,” मी म्हटलं. “म्हणून तर घेतली.”

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कॉटवरच्या भरलेल्या बॅगेकडे. “आई... तुला वाटलं... अगं, आत चारच जणांची सोय आहे. आणि तुझा गुडघा. नेक्स्ट टाइम आपण नक्की...”

“चहा टाकू?” मी विचारलं. मला इतका राग आला होता की दुसरं काही बोलले असते, तर ते नातीसमोर बोलण्यासारखं नसतं. आणि राग त्याच्यापेक्षा माझाच जास्त आला होता. सत्तरीची बाई, एका सर्वनामावर बॅग भरून बसते! ते गेल्यावर मी बॅग पायाने कॉटखाली सारली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. समुद्रासमोर चौघं, चौघांच्या मांडीवर माझी निळी ताटं. दिसत होती खरंच सुंदर. निवड चुकली नव्हती. पाचवं ताट मध्ये वाळूत ठेवलेलं, त्यात माशांचे काटे आणि पिळलेली लिंबं. बुडाचा ठिपका काही फोटोत दिसत नाही. दिसायची गरजही नव्हती.

खाली मुलाने लिहिलं होतं, ‘आपण पोचलो!!’

मी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं, ‘तुम्ही पोचलात. बरं झालं.’

त्याने लगेच अंगठा पाठवला.